कोपऱ्यातलं बारीक अक्षर

४ जून

भिंगरी,

पत्राच्या वर काय लिहायचं यात दोन कागद फुकट गेले. 'प्रिय' लिहिलं तर तू तिथेच घडी घालशील. तुझं कागदोपत्री नाव लिहिलं तर सर हजेरी घेतायत असं वाटतं. शेवटी हेच ठेवलं. चष्मेवाल्याची मुलगी, हातात कायम कुठलंतरी भिंग आणि एका जागी बूड टेकायचं नाही, म्हणून भिंगरी. हे नाव मी ठेवलं होतं, माझं 'भडकू' तू ठेवलंस. तुझा नेम माझ्यापेक्षा चांगला होता.

आधी कामाचं. दुर्बिणीची भिंगं घडवायला शिकवणाऱ्या त्या संस्थेचे फॉर्म पुन्हा सुटलेत. शेवटची तारीख तीस जून. परीक्षेला दोनदाच बसता येतं आणि तू एकदाच बसलीयस. तुझ्या मैत्रिणीकडून कळलं की तू आता वडिलांच्या दुकानात बसतेस, गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेम नीट करतेस आणि अभ्यासाचं नाव काढलं की आत निघून जातेस. सात मार्कांनी राहिलं म्हणजे काही आभाळ कोसळलं नाही. फॉर्म भर.

माझं विचारणार नाहीस, तरी सांगतो. कॉलेज सोडलं ते सोडलं. प्राचार्य म्हणाले, सरांची लेखी माफी माग आणि वर्गात बस. मी कागद फाडला. निकालानंतर भर वर्गात सर तुझ्याकडे बघून म्हणाले, "घोकंपट्टीने इथे पहिलं येता येतं, तिथे डोकं लागतं." तू मान खाली घातलीस. माझं डोकं फिरलं आणि पुढचं मला आठवतंय ते एवढंच की त्यांची कॉलर माझ्या मुठीत होती. तू मला सोडवायला आलीस. हाताला धरून म्हणालीस, "सोड रे, खरंच आहे त्यांचं." ते वाक्य मला झोपू देत नाही.

आता एका फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये आहे. जिने, कठडे, जाळ्या, फाटकं. मालक स्वतःच मिस्त्री, साठीचे, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. मला सगळे 'कॉलेज' म्हणतात. "ए कॉलेज, पाईप धर." "कॉलेज, चहा सांग." दोन दिवस राग आला, तिसऱ्या दिवशी मी ओ द्यायला लागलो.

तुझा तो कॅल्क्युलेटर अजून वापरतेस ना? असू दे. उगाच विचारलं.

भडकू

११ जून

भिंगरी,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. 'फॉर्म भरणार नाही. आपलं डोकं किती, हे कळायला एक वेळ पुरली.' खाली सही सुद्धा नाही.

कसलं डोकं किती? तुझं? पहिल्या वर्षी मला रेडियन समजत नव्हता तेव्हा कँटीनच्या बशीवर कुणी समजावला? ओढणीचा दोरा उपसलास, बशीच्या मध्यापासून काठापर्यंत मोजून तोडलास, आणि तोच दोरा काठावर वाकवून ठेवलास. म्हणालीस, "हा दोरा काठाची जेवढी जागा खातो, तेवढा कोन म्हणजे एक रेडियन. संपलं." मी म्हटलं, मग अंश काय वाईट होते? तर म्हणालीस, "तीनशे साठ हा आकडा माणसांनी ठरवला. रेडियन वर्तुळानेच ठरवलाय." असं बोलणाऱ्या मुलीला डोकं नाही, आणि मला आहे!

माझ्या डोक्याचा पराक्रम ऐक. एका दवाखान्याच्या वळणाच्या जिन्याला कठडा करायचा होता. त्रिज्या तीन फूट, वळण सत्तर अंशांचं. मिस्त्री म्हणाले, "कॉलेज, हिशोब कर, पाईप किती कापायचा?" मी ऐटीत म्हटलं, सोपं आहे, त्रिज्या गुणिले कोन. तीन गुणिले सत्तर. "दोनशे दहा फूट."

मिस्त्रींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"जिना माडीवर जातोय की चंद्रावर?"

कोन रेडियनमध्ये घ्यायचा असतो हे मी विसरलो होतो. मिस्त्रींनी मग काय केलं माहितीये? जमिनीवर खडूने वळण आखलं, तीन फुटांची दोरी घेतली आणि त्या वळणावर वाकवून ठेवली. "एक दोरी, वर पाव दोरीला थोडी कमी," म्हणाले आणि पाईपवर खूण केली. मी त्यांना विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणाले, "पूर्ण गोलाला सहा दोऱ्या आणि वर पावाहून चिमूटभर जास्त. माझ्या मामाने सांगितलं. त्याला त्याच्या उस्तादाने. कॉलेजात नाही सांगत?" त्यांना रेडियन हा शब्दही माहीत नाही, भिंगरी. तू असतीस तर त्यांच्या पाया पडली असतीस.

सगळे अजून हसतायत. वाटेत भेटलं की विचारतात, "काय कॉलेज, चंद्रावर पोचला का पाईप?" मी पण हसलो. पण घरी येऊन तोच हिशोब रात्रभर पुन्हा पुन्हा लिहीत बसलो. ते का, ते आज लिहीत नाही.

तू फॉर्म भर. मी हात जोडून सांगतोय आणि तू आपली रडूबाईसारखी दुकानात दडून बसलीयस. तुझ्यासाठी मी कॉलेजवर पाणी सोडलं. माझ्यासाठी तू एक कागद भरू शकत नाहीस? एवढी पण किंमत नाही माझी? मी तुझ्यावर किती आणि कसा जीव टाकतो हे तुला माहीत आहे, माहीत नसल्याचं सोंग करतेस एवढंच. नाही म्हणायचं तर तोंडावर म्हण. दोन ओळींची कार्डं मला पाठवू नकोस.

भडकू

१९ जून

भिंगरी,

तुझं उत्तर नाही. मागच्या पत्राचा शेवट मी लिहायला नको होता. पेटीत टाकल्यावर तासभर तिथेच उभा होतो. पोस्टमनला म्हटलं, एक पत्र परत द्या. तो म्हणाला, "एकदा आत गेलं ते सरकारचं." मी त्याच्याशीही भांडलो.

अकरा दिवस राहिलेत, म्हणून सांगतो. तुझा पेपर बिघडला त्यात तुझी चूक नव्हती. कॅल्क्युलेटर रेडियनवर होता.

त्या दिवशी सकाळी माझा गणिताचा पेपर होता. माझा कॅल्क्युलेटर मी आदल्या आठवड्यात भिंतीवर फेकलेला, म्हणून तुझा घेतला. त्या पेपरला रेडियन लागत होते. मी बटण दाबून तसं केलं. वर कोपऱ्यात अंशांचा मुंगीएवढा 'डी' असतो, त्याच्या जागी रेडियनचा मुंगीएवढा 'आर' येतो. पेपर संपला, तुझा दोन वाजता सुरू व्हायचा होता, मी सायकल हाणत तुझ्या केंद्रावर आलो. घाईत बदलायचं राहून गेलं.

तू ओळखलं नाहीस यात नवल नाही. वीसचं साइन अंशांत घेतलं तर शून्य पूर्णांक चौतीस. रेडियनमध्ये घेतलं तर शून्य पूर्णांक एक्याण्णव. दोन्ही आकडे सारखेच शहाणे दिसतात. आणि त्या परीक्षेचे चार पर्याय काढणारे महाबिलंदर. जो असा चुकेल त्याचं चुकीचं उत्तरही पर्यायांत सजवून ठेवतात. तू उत्तर काढलंस, खाली बघितलंस तर ते हजर. कशाला शंका येईल? कोनांचे बारा प्रश्न होते. बारा गेले, आणि तू सातने राहिलीस. घरी प्रश्नपत्रिका काढ आणि तेच बारा पुन्हा सोडव. बघ.

चुकून झालं गं. माणूस आहे मी. रागव, पण फॉर्म भर.

भडकू

२४ जून

काकांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र काल शॉपवर मिळालं. 'तुझी दोन पत्रं तिने वाचली. तिसरं न फोडता काउंटरच्या खणात टाकलंय. दुसऱ्या पत्रानंतर पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. डोळे तपासून घ्यायचे असतील तर दुकानात ये, नाहीतर दुकानाचा पत्ता विसर.' तुमचं बरोबर आहे. तुमच्या जागी मी असतो तर एवढं सभ्य लिहिलं नसतं.

एकच विनंती आहे. हे पत्र तुम्ही वाचा आणि तिला समोर बसवून वाचून दाखवा. खणातलं तिसरं तिला देऊ नका. ते वाया गेलं ते बरं झालं. त्यात मी स्वतःला बरंच वाचवलंय.

काका, परीक्षेत तिच्या हातून काहीच चुकलं नाही. मी सकाळच्या माझ्या पेपरला तिचा कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवला आणि तसाच तिच्या हातात दिला. कोनांचे बारा प्रश्न, सगळे कोन अंशांत दिलेले, यंत्र ते रेडियन समजून उत्तरं देत होतं. वीस रेडियन म्हणजे तीनदा गोल फिरून वर थोडं. ती वीस अंशांचा उतार विचारत होती आणि तो डबा गरगर फिरून भलतंच सांगत होता. तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. तीच सांगायची, सिलिंडर नंबरचं भिंग चौकटीत पाच अंश जरी फिरून बसलं तरी गिऱ्हाईक आठवडाभर डोकं धरून बसतं आणि समजतं की आपलेच डोळे गेले. तसंच झालंय. तिचे डोळे चांगले आहेत.

ती नेहमी वापरण्याआधी कोपऱ्यातलं ते अक्षर बघायची. त्या दिवशी बघायला निघालीच होती. मी म्हटलं, "सगळं सेट आहे, बघत बसू नकोस, पळ." तिने माझं ऐकलं. परीक्षा माझ्या शब्दावर दिली तिने.

इथपर्यंत तिसऱ्या पत्रात होतं, थोडं कमी-जास्त. जे नव्हतं ते आता लिहितो. चार वेळा कागद बाजूला सरकवलाय.

पेपर संपल्यावर मी केंद्राबाहेरच होतो. ती बाहेर आली, चेहरा उतरलेला, म्हणाली, "कसंतरीच वाटतंय रे, उत्तरं मिळत होती पण मन खात होतं." मी तिच्या हातातून सामान घेतलं, पाणी दिलं, आणि ती पाणी पीत असताना ते बटण दाबून पुन्हा अंशांवर आणलं. म्हणजे घरी जाऊन तिने बघितलं असतं तरी तिला 'डी'च दिसला असता. पुढे ती स्वतःलाच दोष देत राहिली आणि मी शेजारी बसून तिची समजूत घालत राहिलो. वर सरांची कॉलर धरली. सगळ्यांना वाटलं, वा, काय प्रेम! ती सुद्धा म्हणाली, माझ्यापायी तुझं शिक्षण गेलं. काका, मी सरांवर चिडलो नव्हतो. ते खोटं बोलतायत हे वर्गात एकट्या मला माहीत होतं आणि ते सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून हात उगारला.

अजून एक राहिलंय.

कॅल्क्युलेटर घेऊन ती आत निघाली. फाटकापासून दारापर्यंत रांग होती. ती वीसेक पावलांवर गेली असेल तेव्हा मला आठवलं. स्पष्ट आठवलं. 'आर' डोळ्यांपुढे उभा राहिला. हाक मारायला तोंड उघडलं, हात वर केला. तेवढ्यात तिने मागे वळून बघितलं. हसली. आणि माझ्या मनात आलं, ही पास झाली तर लांब त्या संस्थेत जाणार. दोन वर्षं, मग तिकडेच नोकरी, मग मी कोण? माझ्यासारखा दर वर्षाला दोन विषय मागे ठेवणारा. वर केलेला हात मी तसाच हलवला. तिला वाटलं, शुभेच्छा देतोय. तिनेही हात हलवला आणि आत गेली.

हे चुकून झालं नाही. किती वेळ होता? हाक मारायला जेवढा लागतो तेवढा होता.

मी तिच्यावर प्रेम करतो असं गेली दोन वर्षं सगळ्यांना सांगत होतो. तुम्ही बाप आहात, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मला माफी नको. तीस तारखेच्या आत तिने फॉर्म भरावा, आणि भरताना स्वतःच्या डोक्याबद्दल शंका नसावी, एवढ्यासाठी लिहिलं. ती ऐकताना तुम्ही शेजारी असा. मधेच उठून जायला लागली तर 'हलवलेला हात' आहे त्या परिच्छेदापर्यंत तरी थांबवा.

आपला,
मुलीच्या कॉलेजातला

१० डिसेंबर

भिंगरी,

पत्रं पाठवू नकोस म्हणाली होतीस. पाच महिन्यांहून जास्त नाही पाठवली. हे एकच.

तुझा फोन आला तो अठ्ठावीस जूनचा दिवस होता. शॉपमध्ये ग्राइंडर चालू होता, मला आधी आवाजच ओळखू येईना. मी ओरडलो, "कोण?" तू म्हणालीस, "मी. आधी ते यंत्र बंद कर." मी मिस्त्रींना हातानेच खूण केली. त्यांनी बंद केलं. सगळं शॉप माझ्याकडे बघत होतं.

"बारा प्रश्न पुन्हा सोडवले," तू म्हणालीस. "बाराही बरोबर आले."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"फॉर्म भरला. बाबा स्वतः जाऊन देऊन आले."

"भिंगरी, मी—"

"तू काही बोलू नकोस. तुझ्यावर चिडायलाही मला आत्ता वेळ नाही. अभ्यास आहे. पेपर झाला, निकाल लागला की सावकाश चिडेन. सगळं बोलेन. तोपर्यंत पत्र नको, फोन नको." मग म्हणालीस, "सरांना सांगितलंस?"

"नाही."

"त्यांना सांग." आणि फोन ठेवलास.

दुसऱ्याच दिवशी गेलो. सर स्टाफरूममध्ये एकटे पेपर तपासत होते. मला बघून खुर्ची थोडी मागे घेतली त्यांनी. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, फाटकापाशी काय झालं ते सुद्धा. वाटलं, शिपायाला बोलावतील. पण ते बराच वेळ लाल पेनाचं टोपण लावत-काढत राहिले. म्हणाले, "म्हणजे ती बरोबर होती." मी म्हटलं, हो. "आणि मी तिला सगळ्या वर्गासमोर..." वाक्य पुरं केलं नाही त्यांनी. तुझा पत्ता मागितला. त्यांनी काय लिहिलं ते मला माहीत नाही. मला म्हणाले, पुढच्या वर्षी प्रवेश घे. बघतो म्हटलं. अजून बघतोच आहे.

ऑगस्टमध्ये तुझा पेपर झाला. त्या दिवशी मी मुद्दाम लांबच्या साइटवर काम मागून घेतलं. ऑक्टोबरमध्ये यादी लागली. चौथं नाव तुझं. मी शॉपमध्ये सगळ्यांना चहा पाजला. मिस्त्रींनी विचारलं, काय रे, काय खुशी? म्हटलं, एक जण पास झाली. ते म्हणाले, "तुझी कोण?" मी रिकामे ग्लास गोळा करायला लागलो.

मग मी वाट बघायला लागलो. निकाल लागला, आता तुला वेळ असणार. तू काय काय म्हणशील ते मीच मनात म्हणून बघायचो. तू शिव्या देत नाहीस, पण मी तुझ्या तोंडी दोन-चार चांगल्या घातल्या होत्या. त्यावर मी काय म्हणायचं तेही ठरवलं होतं. म्हणजे काहीच म्हणायचं नाही, सगळं ऐकायचं, आणि तू थांबलीस तर म्हणायचं, अजून बोल.

नोव्हेंबरच्या शेवटी राहवेना, काकांना फोन केला. म्हणाले, "गेली रे. तीन आठवडे झाले. खुशीत गेली. तिथे कोन अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात म्हणे, पत्रात सगळं तेच असतं."

मी विचारलं, "माझ्यासाठी काही निरोप?"

काका जरा घुटमळले. चांगले आहेत ते. खोटं बोलता आलं असतं तर बोलले असते.

"नाही रे बाबा," म्हणाले. "तुझा विषयच निघाला नाही."

तिथला पत्ता मी मागितला नाही आणि त्यांनी दिला नाही. हे दुकानावर पाठवतोय. खणात राहिलं तरी चालेल.

काल मिस्त्री म्हणाले, "काय रे कॉलेज, फोन वाजला की हातातलं काम टाकून धावतोस. परवा सांधा अर्धा सोडून पळालास. कुणाचा यायचाय एवढा?"

"एका मुलीचा."

"अस्सं! काय म्हणणारे?"

"शिव्या देणारे."

शॉपमध्ये हशा पिकला. मिस्त्री पण हसले. "मग नाही आला तर बरंच आहे की लेका!"

मी पण हसायला गेलो. जमलं नाही. मिस्त्रींचं हसू हळूहळू उतरलं. माझ्या हातातली वेल्डिंगची काच काढून घेतली आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "जा, तोंड धुऊन ये. फोन मी उचलतो."